कोठडीतली पेटी

१

स्फोट झाल्यावर फिटरने कोठडीच्या दाराची कडी उचलली, दार बाहेर ओढलं आणि मास्तर त्याच्या अंगावर पडले.

ते दाराला टेकूनच होते. चेहरा जवळजवळ शाबूत होता, पाठ मात्र राहिली नव्हती. पोलादाचे तुकडे मानेपासून कमरेपर्यंत घुसले होते, आणि त्यातला एक आरपार जाऊन दाराच्या आतल्या पत्र्यात रुतला होता. फिटर मागच्या मागे बसला. ओरडायचंही त्याला सुचलं नाही. मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला. पोलीस आले तरी सोडेना, तेव्हा दोन शिपायांनी त्याची बोटं एकेक करून उलगडली.

ही प्रयोगशाळा मास्तरांची. तरुणपणी काही वर्षं त्यांनी तंत्रशाळेत शिकवलं होतं, तेव्हापासून ते सगळ्यांचेच मास्तर. इथे गॅसचे सिलिंडर तपासून मिळत. सिलिंडरात हवेचा दाब चढवत न्यायचा आणि तो टिकतो का बघायचं. काम जिवावरचं, म्हणून सिलिंडर ठेवायची खोली जाड भिंतींची आणि बिनखिडकीची. तिला सगळे कोठडी म्हणत. माणसं बसत ती भिंतीपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये, संगणकापुढे.

तपासाला आलेल्या पोलीस अधिकारी बुटक्या, पन्नाशीच्या बाई होत्या. आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. खात्यात त्यांच्या माघारी त्यांना ‘जळू’ म्हणत. समोर अर्थातच ‘मॅडम’.

डॉक्टरांनी मास्तरांचे हात उचलून त्यांना दाखवले.

“हे स्फोटानं झालेलं नाही, मॅडम. सांध्यांवरचं कातडं सोललंय. डाव्या हाताची हाडं मोडलीत. हा माणूस मरायच्या आधी दारावर बुक्क्या मारत होता. हाडं मोडल्यावरसुद्धा मारत होता.”

मॅडमनी दाराकडे पाहिलं. आतल्या पत्र्यावर, छातीच्या उंचीला, लाल ठसे एकावर एक उमटले होते.

“आणि बाहेर कुणालाच ऐकू आलं नाही?” त्या म्हणाल्या.

२

“मी मागच्या गोदामात होते,” मास्तरांची लेक म्हणाली. “केबल शोधत होते.”

ती मास्तरांची एकुलती एक. इथले सगळे प्रोग्रॅम तिनेच लिहिलेले. डोळे कोरडे होते.

“मला यंत्रातलं काही कळत नाही,” मॅडम म्हणाल्या. “लहान मुलाला सांगावं तसं सांगा.”

“कोठडीत पोलादी पडद्याआड एक पेटी आहे. आम्ही तिला चॅसी म्हणतो. फडताळात पुस्तकं लावावीत तशी तिच्यात कार्डं खोचलेली असतात. एक कार्ड दाब मोजतं, एक पंप चालू-बंद करतं. पण पेटीला स्वतःची अक्कल नाही. अक्कल या संगणकात. भिंतीतून गेलेली ही जाड केबल दोघांना जोडते. मग संगणकाला वाटतं, ती कार्डं आपल्याच पोटात बसवलेली आहेत.”

“बरं. आज काय झालं?”

“चाचणी चालू असताना वीज गेली. परत आली तसा संगणक आपोआप सुरू झाला. पेटी तशी होत नाही, तिचं बटण आत जाऊन दाबावं लागतं. ते दाबायला बाबा गेले. संगणकात अर्धवट राहिलेली चाचणी होती. बाबांनी बटण दाबलं, संगणकाला पेटी सापडली आणि त्यानं चाचणी पुढे चालू केली. पंप सुरू झाला.”

“दार बंद कसं?”

“दार उघडं असलं तर पंपाला वीजच पोचत नाही. म्हणून बाबा ते बाहेरच्या भिंतीवरच्या हुकात अडकवून मगच आत जायचे. आज विसरले असतील. दार जड आहे. सोडलं की मिटतं आणि कडी पडते.”

“आतून उघडत नाही?”

“नाही. चाचणीच्या वेळी आत माणूस असणं धरलेलंच नाही. बोलायला इंटरकॉम आहे, पण ऐकायला इथे कुणी असेल तर ना.”

“हे सगळं आपोआप होऊ शकतं? कुणी हात न लावता?”

“प्रोग्रॅम माझा आहे, मॅडम. अर्धवट चाचणी आपोआप सुरू होऊ नये, एवढी काळजी मी घ्यायला हवी होती. माझ्या त्या चुकीनं बाबा गेले.”

आणि मग तिला रडू फुटलं.

बाहेर आल्यावर हवालदार डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाला, “अपघातच म्हणायचा. पोरीच्या जिवाला मात्र जन्मभराचा घोर.”

कोपऱ्यातल्या नळाशी फिटर हात धूत होता. तो मान वर न करता म्हणाला, “मास्तर हूक विसरणारे नव्हते.”

त्याने उजवा हात वर केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

“एकदा विसरले होते. दार मिटताना माझी ही दोन गेली. तेव्हापासून देवाचं नाव विसरतील, पण हूक नाही.”

३

“म्हणजे मास्तरांवर तुझा राग होता,” मॅडम म्हणाल्या.

“होताच की. गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्या बरगडीत पाना हाणला, मी त्यांचा गळा धरला. जावईसाहेबांनी सांगितलंच असेल तुम्हाला.”

जावयाने ते पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

“का मारलं?”

“झडप उलटी बसवली म्हणाले. बसवली होती मी, खोटं कशाला बोलू? मास्तरांचा हात आधी चालायचा, तोंड मागून. संध्याकाळी स्वतः घरी येऊन बरगडीला पट्टा बांधून गेले.” त्याने नळ बंद केला. “आज मी पलीकडे ग्राइंडर चालवत होतो. ठोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, वाटलं कुणी पत्रा सरळ करतंय. मॅडम, मला तेवढं एक कळलं असतं ना…”

तो कण्हल्यासारखा आवाज करून थांबला.

“तू काही पाहिलंस,” मॅडम हळूच म्हणाल्या.

फिटरने त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. बोळाच्या टोकाला लेक आणि जावई उभे होते. जावयाने तिला एका हाताने धरलं होतं.

“सांगतो,” फिटर म्हणाला. “पण आधी हा शर्ट बदलतो. त्यांच्या रक्तात उभं राहून त्यांच्याच घरचं बोलवत नाही.”

मॅडमनी त्याला जाऊ दिलं. पुढे कित्येक वर्षं त्या नव्या पोरांना शिकवताना सांगत, की साक्षीदाराला शर्ट बदलायचा असेल तर त्याच्या मागे दारात जाऊन उभं राहायचं, लाजायचं नाही.

४

जावई ऑफिसात मॅडमच्या समोर बसला. अंगानं आडवा, बोलण्यात मवाळ. वरचा ओठ सुजून काळानिळा झाला होता.

“सासऱ्यांनी मारलं. परवा, सगळ्यांसमोर,” त्याने आपण होऊन सांगितलं. “गेल्या महिन्यात एका वेल्डिंगच्या कारखान्यात सिलिंडर फुटला. दोघं जागच्या जागी गेले. तपासून पास केल्याचा शिक्का आमचा होता. मास्तरांना वाटलं, घाईघाईत मी माल न तपासताच पाठवला. मला गिऱ्हाईकं सांभाळायची असतात ना, म्हणून संशय माझ्यावर.”

“पाठवला होता का?”

“नाही हो! प्रत्येक सिलिंडरच्या चाचणीचा आलेख संगणकात आहे. तसं मी म्हटलं तर थोबाडीत बसली. मग त्यांनी त्याच खेपेतला एक सिलिंडर परत मागवला, स्वतः तपासायला. आज कोठडीत तोच होता.”

“स्फोट झाला तेव्हा तुम्ही?”

“फाटकावर. ट्रक भरत होतो. ड्रायव्हर, हमाल, पहारेकरी, सगळे होते.” ते हवालदाराने आधीच पडताळलं होतं. “आणि त्या संगणकाला हात लावायची मला बंदी. लावलास तर हात मोडीन म्हणायचे, आणि मोडलाही असता त्यांनी. तिथे फक्त बाप आणि लेक. तिचा दरारा तसाच आहे म्हणा. मधे ती पेटी दुरुस्तीला गेली होती, पंधरवडाभर इथे नव्हती. दुसरं कुणी असतं तर हातावर हात ठेवून बसलं असतं. हिनं एक दिवस काम अडू दिलं नाही. माल रोज बाहेर पडत होता.”

हे सांगताना त्याच्या सुजलेल्या ओठावर अभिमान दिसत होता.

मॅडम काही विचारणार, तोच भिंतीपलीकडून मोरीत काहीतरी जड आदळलं. आणि एक किंकाळी आली. ती मधेच तुटली.

हवालदार धावला. त्याच्यामागे मॅडम, आणि त्यांच्यामागे जावई.

फिटर मोरीत तोंड खुपसून पडला होता. नवा शर्ट एका बाहीत घातलेला, दुसरी बाही लोंबत होती. कानामागे कवटी फुटली होती, जबडा निखळून एका बाजूला गेला होता. मोरीचं पाणी लाल होऊन तुंबलं होतं. शेजारी हातभर लांबीचा पाना पडला होता, त्याच्यावर केस चिकटलेले.

“जिवंत आहे!” हवालदार ओरडला.

मागची खिडकी उघडी होती. तिथून अंगणात उडी टाकून ऑफिसच्या कुठल्याही खोलीत परत येता येत होतं. लेक शेजारच्या खोलीत पडून होती. आवाजाने उठून आले, असं तिने सांगितलं. ती दारात येऊन उभी राहिली आणि तिने तोंडावर पदर दाबून धरला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांचा संगणकतज्ज्ञ आला. काडीसारखा माणूस, धुळीची ॲलर्जी, आल्यापासून शिंकत होता. फिटर इस्पितळात बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तरी तारांनी बांधलेल्या जबड्यानं बोलणार काय?

स्फोटानंतर पोलिसांनी सगळीकडची वीज तोडली होती. तज्ज्ञाने ती सुरू करायला लावली. संगणक आपोआप जागा झाला.

“हवालदार, आत जाऊन त्या पेटीचं बटण दाबा. पोलादी पडद्यामुळे वाचलीय ती, चालेल.”

हवालदार कोठडीत गेला. रक्तावर पाय पडू नये म्हणून उड्या मारत गेला आणि तसाच परत आला. “दाबलं. हिरवा दिवा लागलाय.”

तज्ज्ञ संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिला. “पेटी नाहीच म्हणतोय हा.”

“लागलाय हो दिवा.”

“अरे हो!” त्याने स्वतःच्या कपाळावर चापट मारली. “माझंच चुकलं. उलटं केलं आपण.” त्याने संगणक बंद केला आणि पुन्हा चालू केला. आता पडद्यावर पेटी उमटली, आतल्या कार्डांसकट. “दिसली.”

“काय उलटं केलं?” मॅडम कोपऱ्यातून म्हणाल्या.

“आधी पेटी चालू करायची, मग संगणक. हा संगणक जागा होताना एकदाच आपल्या पोटात काय काय आहे ते चाचपून बघतो. तेव्हा पेटी झोपलेली असली, की त्याच्या लेखी ती जगात नाही. मागून किती दिवे लावा, त्याला पत्ता लागत नाही. संगणक पुन्हा सुरू करावाच लागतो. या धंद्यातली पहिल्या दिवसाची गोष्ट आहे ही.”

मॅडम उठून त्याच्याजवळ आल्या.

“वीज आली. संगणक आपोआप सुरू झाला. नंतर माणसानं आत जाऊन पेटीचं बटण दाबलं. संगणकात चाचणी अर्धवट आहे. पंप सुरू होईल?”

“कसा होईल? ज्या पेटीतून पंप चालतो ती त्याला दिसतच नाहीये.” तो शिंकला. “पेटी सुरू झाल्यावर कुणीतरी इथे बसून संगणक पुन्हा चालू केला असेल, तरच.”

“आपोआप नाही?”

“आपोआप बिलकुल नाही.”

मॅडम म्हणाल्या, “आणखी एक. ही पेटी इथे नसताना, पंधरा दिवस बाहेर असताना, या संगणकावर चाचण्या कशा होतील?”

तज्ज्ञाचा हात रुमालावरच थांबला. “खऱ्या होणार नाहीत. पण संगणकाला सांगता येतं, पेटी आहे असं धर. सराव करायला ती सोय असते. तो धरतो. आकडेही काढून देतो, अगदी छान. सिलिंडर नसला तरी.”

६

लेकीला आणि जावयाला मॅडमनी कंट्रोल रूममध्ये बोलावलं. हवालदार दारात उभा राहिला.

“तुमचे वडील कोठडीत अडकले आणि मेले, हा अपघात नव्हता,” मॅडम नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. “ते पेटी सुरू करायला गेले तेव्हा संगणक आधीच जागा होता. त्याला पेटी दिसणं शक्य नव्हतं. मग कुणीतरी या खुर्चीत बसून तो पुन्हा चालू केला. मास्तरांना ते माहीत होतं, कारण तसं करावंच लागतं. ते आत उभं राहून वाट बघत होते. विश्वासानं. कुणाच्या?”

मॅडमनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“जावयाला इथे हात लावायची बंदी. शिवाय ते फाटकावर होते, आणि फिटरचं डोकं फुटलं तेव्हा माझ्यासमोर बसले होते. फिटर स्वतः मोरीत पडला. राहिलं कोण?”

“हे काय बोलताय तुम्ही?” जावई उठला. “तिचा बाप होता तो!”

“काल मी यांना विचारलं, हे आपोआप होऊ शकतं का? माझ्यासारखी अडाणी बाई हो म्हणाली असती तर तो अडाणीपणा. तुम्ही म्हणाला असता तर अंदाज. पण या संगणकावर उभं आयुष्य घालवलेली बाई पहिल्या दिवसाची गोष्ट विसरत नाही. यांनी मला अशक्य गोष्ट शक्य म्हणून सांगितली. चूक आपल्याकडे घेऊन सांगितली, म्हणजे मी पुढे विचारू नये.” मॅडम लेकीकडे वळल्या. “पेटी नव्हती त्या पंधरा दिवसांत तुम्ही सिलिंडर न तपासताच पास केलेत. त्यातल्या एकानं दोन माणसं मारली. मास्तर कोठडीत त्याच खेपेतला दुसरा तपासत होते. मास्तर जिवंत असताना तो फुटला असता तर तुमचे आलेख खोटे ठरले असते.”

जावई बायकोकडे बघत होता. त्याचा चेहरा हळूहळू रिकामा झाला.

“पेटी नव्हती…” तो पुटपुटला. “मग माल कसा…”

लेकीने टेबलाखालून लोखंडी दांडा काढला. सिलिंडरची झडप फिरवायचा. कुणाला हलायला वेळ मिळाला नाही. पहिला फटका मॅडमच्या गळ्याशेजारी बसला आणि हाड मोडल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. दुसरा संगणकावर. काच फुटली, तिने पुन्हा मारला, पुन्हा मारला. हवालदार पुढे झाला, तसा त्याच्या गुडघ्यावर एक बसला. मॅडम भिंतीला धरून खाली घसरल्या होत्या. तिने दांडा दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावर उगारला.

जावयाने मधे हात घातला. दांडा त्याच्या मनगटावर उतरला. तो गुरासारखा ओरडला, पण दुसऱ्या हाताने त्याने तिला कमरेला धरलं आणि सगळं वजन टाकून जमिनीवर दाबलं. ती त्याच्या खांद्याला चावली, रक्त येईपर्यंत चावली. त्याने सोडलं नाही.

“पुरे,” तो रडत म्हणत होता. “पुरे गं आता. पुरे.”

७

हातात बेड्या पडल्यावर ती शांत झाली. रुग्णवाहिका येईपर्यंत मॅडम तिथेच भिंतीला टेकून बसल्या. मोडलेल्या बाजूचा हात हवालदाराने आपल्या पट्ट्याने बांधून दिला होता.

“बाबांनीच सांगितलं होतं, काम थांबता कामा नये,” ती म्हणाली. “पेटी नाही तर तपासणार कशानं, ते त्यांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांत एकही सिलिंडर नापास झाला नव्हता. मला वाटलं, पंधरा दिवसांत काय होतंय. ती दोन माणसं गेली आणि बाबांनी यांच्यावर हात उगारला, तेव्हा मी बाबांना सगळं सांगितलं.”

“त्यांना माहीत होतं?”

“परवा रात्रीपासून. म्हणाले, आधी मी स्वतः एक तपासतो. फुटला तर तुला हाताला धरून पोलिसांत नेतो. मी पाया पडले. माझ्या मुलीकडे बघा म्हटलं. त्यांनी मला लाथेनं बाजूला केलं.”

“मग वीज गेली.”

“ते आत गेले, पेटी चालू केली. इंटरकॉमवरून म्हणाले, संगणक पुन्हा सुरू कर. मी केला. तो उठेपर्यंत जाऊन मी हुकातून दार सोडलं. फिटरनं तेवढं पाहिलं.” ती आपल्या बेड्यांकडे बघत होती. “परत येऊन बसले. त्यांनी विचारलं, पेटी दिसतेय का? मी म्हटलं, दिसतेय. मग म्हणाले, दार मिटलंय बघ, जरा उघड.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, ‘आले, बाबा.’ आणि पंप चालू केला. फुटेपर्यंत थांबवला नाही. ते ओरडायला लागले तेव्हा इंटरकॉम बंद केला. बुक्क्या मात्र बंद करता आल्या नाहीत.”

फुटलेल्या संगणकाचा पंखा घरघरत होता.

“त्या पंधरा दिवसांतले बाकीचे सिलिंडर कुठे आहेत?” मॅडमनी विचारलं.

तिला सगळे पाठ होते. ती एकेक नाव सांगत गेली. दोन कारखाने, एक गॅरेज, एक इस्पितळ. जावई लोंबता हात पोटाशी धरून, दुसऱ्या हाताने फोन लावत गेला. “हात लावू नका,” तो प्रत्येकाला सांगत होता. “माणसं बाहेर काढा आणि हात लावू नका.” इस्पितळात फोन उचलेनात, तेव्हा हवालदार लंगडतच जीप घेऊन गेला.

सगळे सिलिंडर वेळेवर हाती लागले. फिटर वाचला. बोलायला लागला तेव्हा कोर्टात त्याची साक्ष अर्ध्या वाक्यात आटोपली, कारण तिने काहीच नाकारलं नाही. मुलीला जावयाने आपल्या आईकडे ठेवलं आणि तिला खरं ते सांगितलं, थोडं थोडं करून, वर्षभर.

परत आणलेले सिलिंडर दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासले. जावई मुद्दाम गेला होता. बहुतेक टिकले. इस्पितळातून आणलेला सिलिंडर फुटला. भिंत हादरली, जावई जागच्या जागी खाली बसला, आणि तिथला माणूस येऊन त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिला, की आत कुणी नव्हतं, साहेब, आत कुणीच नव्हतं.